लोंढ्याचा हिस्सा

१९ सप्टेंबर, गुरुवार

रुजू झाले एकदाची. खडेबाजारातल्या पेढीच्या वरच्या मजल्यावर माझं टेबल, पुढ्यात व्हिडिओ कॉलचा कॅमेरा, मागं खिडकी, खिडकीखाली सगळा बाजार. परवाच गणपती बोळवले, त्यामुळे जिन्यावर अजून गुलाल आहे आणि माझ्या नव्या चपला पहिल्याच दिवशी गुलाबी झाल्या. दीपंकरला फोटो पाठवला तर म्हणाला, उपा, पेढीनं मिरवणुकीनं आत नेलेलं दिसतंय तुला.

पेढी साड्यांची. वडगावात माग, निपाणीत दुकान, इथं मुख्य ऑफिस. निपाणीचं दुकान दीपंकर सांभाळतो, म्हणजे माझा नवरा. लग्नाला दोन वर्षं होत आली आणि आता तो निपाणीत, मी कॅम्पात भाड्याच्या खोलीत. पण रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर येणार, तेही पगारी वेळेत. तक्रारीला जागा नाही.

काम समजायला सोपं आहे. रोज सकाळी वडगावच्या मागावरची बायाक्का नव्या साडीचा पदर कॅमेऱ्यापुढं उलगडून धरते आणि निपाणीवाले, इथले मालक, सगळे बघून रंग पसंत करतात. याला इथं ‘पदर दाखवणं’ म्हणतात. रंग खरा दिसायचा तर चित्राला भरपूर बँडविड्थ लागते, आणि मालकांनी सगळ्या ऑफिसांत मिळून घेतलीय मोजकीच. गल्लीला एकच नळ असला की कुणाची घागर किती भरायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. इथून पुढं ते मी ठरवणार.

२१ सप्टेंबर, शनिवार

माझ्या आधी हे काम सुबरावआप्पा करायचे. शहापुरातल्या विणकरांच्या घरचे, मागावरून उठून स्वतःच्या हिमतीनं हे सगळं शिकलेले. मागच्या आठवड्यात निवृत्त झाले तरी रोज येतात आणि भिंतीकडेच्या बाकावर बसून पडद्याकडं बघत राहतात. माणूस फार गोड, पण बोलताना मधले शब्द गळतात. "त्या राउटरचं... तेवढं... नगो" असं काहीतरी म्हणतात आणि आपण अंदाज बांधायचा. झटका येऊन गेला असेल म्हणून सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही म्हणे.

त्यांची मांडणी मात्र मला पटली नाही. कॉलच्या पडद्यावर चार चौकटी दिसतात. मुख्य ऑफिस, वडगाव, निपाणी आणि चौथी लोंढा. गोव्याकडचा माल रेल्वेत चढवायला लोंढ्यात ऑफिस होतं, ते गेल्या पावसाळ्यात बंद पडलं. चौकट काळी आहे, पण लाइनीतला हिस्सा खाते. आप्पांनी तो सगळा मुख्य ऑफिसच्या वाट्यातून वळता करून ठेवलाय, म्हणून मालकांना पडद्यावर सगळं कायम धुरकट दिसतं. मला हसूच आलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

लोंढा बंद करायला गेले तर यादीत लोंढा नाहीच. ज्याचं नाव नाही ते बंद कसं करणार? तिकडं कुठलं तरी जुनं यंत्र चालू राहिलं असेल, सवडीनं शोधते. तोवर तो हिस्सा कुणाच्या तरी वाट्यातून जाणार. वडगावचा काढता येत नाही, पदर तिथूनच दिसतात. मालकांना धुरकट चित्र दाखवून नव्या माणसाची नोकरी टिकत नाही. राहिलं निपाणी.

खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. आल्या आल्या नवऱ्याच्या ऑफिसला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. घरच्याला शेवटी वाढायचं, हे आमच्या आईनं अंगात मुरवलंय. दीपंकरला सांगितलं तर तो म्हणाला, काप बाई, माझं थोबाड जितकं कमी दिसेल तितका धंदा वाढेल.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मालक खूश. वडगावचा पदर इतका स्वच्छ दिसला की काठातला धागा मोजता यावा. दीपंकरच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले होते, त्यावर सगळे हसले, तोही हसला.

आणि एक नवल झालं. आप्पा बाकावरून सरळ, एकही शब्द न गाळता बोलले. "लई दिसांनी जीभ मोकळी झाल्यागत वाटालंय बघ पोरी." पडद्यावर बायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माझा पायगुण. मग आप्पांचा चेहरा एकदम उतरला आणि लोंढ्याचा हिस्सा आता कुणातून काढलाय असं त्यांनी विचारलं. निपाणीतून, मी म्हटलं. ते काही बोलणार एवढ्यात मालकांनी मला हाक मारली आणि परत येईतो ते निघून गेले होते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

लोंढ्याची चौकट आज काळी नव्हती.

एक खोली दिसली. लाकडी टेबल, पार्सलांचा ढीग, ओल धरलेली भिंत. भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर. टेबलाशी एक मुलगी बसलेली, हिरव्या सलवार-कमीजमधली. ती कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी सांगत होती आणि आवाज येत नव्हता. बाकीच्यांना विचारलं तर म्हणाले काळीच आहे की. निपाणीतून आज दीपंकर बोलला तेव्हा निम्मे शब्द पोचले नाहीत.

संध्याकाळी वडगावला जाऊन बायाक्काला गाठलं. तिनं माग थांबवला आणि सांगितलं. आप्पांची एकुलती एक लेक, मंजुश्री, लोंढ्याचं ऑफिस बघायची. गेल्या वर्षी पाऊस धो धो लागलेला, सणाच्या ऑर्डरी डोक्यावर, म्हणून पदर नीट दिसावा यासाठी आप्पांनी त्या सकाळी लोंढ्याचा हिस्सा कापला. मंजुश्रीचं चित्र अडकलं, आवाज तुटला. ती काहीतरी सांगत होती आणि सगळे हिरव्या पदराकडं बघत होते. त्याच कॉलमध्ये भिंत पडली आणि मंजुश्री खाली गाडली गेली. "पोर काय म्हणालती कुणाला कळलं न्हाय बघा," बायाक्का म्हणाली. "पदर माझ्याच हातात हुता."

मी रडले. बायाक्काच्या समोरच रडले.

६ ऑक्टोबर, रविवार, निपाणी

घरी आले. दीपंकर स्टँडवर न्यायला आला होता. मी हाक मारली, तो माझ्याकडं बघत उभा राहिला, आणि बऱ्याच वेळानं हसला. थट्टा करतोय असं वाटलं.

जेवताना त्याचे ओठ हलले. आवाज नंतर आला. समोर ताटावर बसलाय माझ्या, हात लावता येईल इतका जवळ, आणि ओठ आधी, आवाज मागून. "उपा, आमटीत... कमी..." मधलं काहीच नाही. त्याला मात्र वाटतं आपण नीट बोलतोय. दोनदा घास तोंडाशी नेताना हात तसाच थांबला, डोळे उघडे, पापणी नाही, श्वास नाही. मग एकदम पुढचा घास.

त्याच्या गालाला हात लावला. ऊब होती. पण हात लावल्याचं त्याला कळलं ते मी हात काढून घेतल्यावर.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सगळ्यांआधी ऑफिस गाठलं आणि लाइनच बंद केली. फोनवर दीपंकर होता. मध्येच गप्प झाला. तुटलेला आवाजही नाही, श्वासही नाही. घाबरून परत चालू केली तेव्हा तो अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायला लागला.

आप्पांना शहापुरातून बोलावून घेतलं. ते म्हणाले, लोंढ्याची चौकट बंद होत नाही, त्यांनी सगळं करून बघितलंय. मंजुश्री हिस्सा घेणारच. कुणातून घ्यायचं एवढंच आपल्या हातात. ज्या ऑफिसातून काढू, तिथं कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसातून ते जातं. वर्षभर त्यांनी ते स्वतःच्या खुर्चीवर घेतलं. "माझीच लेक न्हवं. दुसऱ्याच्या ताटातलं कशाला खाऊ दे?" आणि ती दिवसेंदिवस जास्त मागते, कारण तिचं सांगणं अजून पुरं पोचलेलं नाही.

हे आधी का सांगितलं नाही, असं मी ओरडून विचारलं. ते म्हणाले, सांगत होतो गं, शब्दच गळत होते, आणि जीभ मोकळी झाली तेव्हा धीर झाला नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आप्पांनी हट्टानं माझी खुर्ची घेतली. मी लोंढ्याचा हिस्सा निपाणीतून काढून मुख्य ऑफिसवर टाकला, होता तेवढा सगळा. मला आप्पांपेक्षा दीपंकर जवळचा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

लोंढ्याची चौकट आरशासारखी स्वच्छ झाली. मंजुश्रीच्या कपाळावरची टिकली दिसली. ती बोलली आणि आप्पांना ऐकू गेलं. मला फक्त "आप्पा" एवढंच आलं, पुढचं नाही. ते मान हलवत होते, डोळ्यांतून धार लागलेली. "व्हय. व्हय बाळ. आयकालोय की. समदं आयकालोय." मग हनुवटी छातीवर टेकली.

डॉक्टर आले. उपयोग नव्हता.

दुपारी दीपंकरचा फोन. अख्खं बोलला. आमटीत मीठ कमी होतं, असं परवाचं सांगायचं राहिलेलं सांगितलं. मी हसले आणि आप्पांच्या बाकावर बसून खूप रडले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

वाटलं होतं मिटलं. तिचं ऐकून झालं, ती जाईल.

लोंढ्याच्या खोलीत आज दोन खुर्च्या. आप्पा तिच्या शेजारी. दोघंही बोलतायत, मला ऐकू येत नाही. हिस्सा दुप्पट लागतोय. मुख्य ऑफिसचा निम्मा वाटा जाऊनही पुरला नाही तेव्हा उरलेलं आपसूक निपाणीतून गेलं, मी काही केलेलं नसताना.

दीपंकरचा फोन. "उपा... आज... उपा..."

११ ऑक्टोबर

वडगाववर टाकू का? तिथं खुर्चीत बायाक्का. तिला दोन नातवंडं. बोट बटणावर होतं, काढून घेतलं.

नोकरी सोडून जाऊ? मग या खुर्चीत दुसरं कुणीतरी येईल. तेही नवं असेल, हौशी असेल, सगळं नीट मांडायला बघेल.

दीपंकर आज पडद्यावर हललाच नाही. हसरा चेहरा, तसाच. दुकानातला माणूस म्हणाला, साहेब खुर्चीत बसून आहेत, हाक दिली तरी बघत नाहीत.

म्हणून मीच. मुख्य ऑफिसचा सगळा हिस्सा लोंढ्याला दिला. निपाणीचा निपाणीला. पासवर्ड बदलला.

१२ ऑक्टोबर, दसरा

दीपंकरचा फोन. ठणठणीत. सोनं घेऊन येतो म्हणाला. दोनदा विचारलं त्यानं, उपा, लाइनीवर आहेस ना? मी होते. बोलतही —

लिहिताना मधले शब्द जातात. परत वाचून भरते. सगळे सापडत —

१३ ऑक्टो.

मालक रागावले, चित्र दिसत नाही म्हणून. त्यांचं बोलणं संपल्यावर मी मान हलवली, तोवर ते जिना उतरून —

मंजुश्रीचा आवाज येतो आता. हळू. ताई म्हणते मला. खुर्ची सरकवून जागा —

भीती वाटते. फार वाटते.

१४

हात लिहितो, अक्षर नंतर

बायाक्का आली. तोंडावरून हात फिरवला असणार. ती गेल्यावर मला —

१५

दीपंकर आला. समोर बसलाय. त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. म्हणतो, पासवर्ड दे उपा, निम्मं निम्मं करू. मी उत्तर देते, त्याला नुसते ओठ — वही पुढं केली त्यानं. यात लिही म्हणतो.

दीपंकर, निम्मं केलं तर दोघंही तसेच — तुला जेवताना बघितलंय मी. नाही देणार. रागावू नकोस. हात धरलास ना? आत्ता कळलं. तू बोलत राहा, काहीही, दुकानातलं सांग, मला सगळं ऐकू येतंय, तुझा आवाज अगदी