भुरीच्या आंगातला राखणदार

८ मार्च, मंगळवार
चारा-छावणीत गेले. दोन बैल न् भुरी. बैलाला चारा मिळाला, भुरीला शिव्या. लाईनीतला एकजण म्हणतो, "बैलाच्या डॉक्टरकडं कुत्रं कशाला आणलंव?" म्हटलं, मग कुत्रं काय झाड हाय का?
डॉक्टरीण पोरगीच हाय, उदगीरहून दर मंगळवारी छावणीत येते. भुरीचं आंग बघितलं. केस गेलेले, कातडी हत्तीसारखी. पात्यानं खरडलं रगत येईस्तोवर, काचेवर घेतलं. भुरी गप. मीच ओरडले.

१५ मार्च
काचेत किडे निघाले. मोबाईलवर दाखवले. बारक्या गाजरासारखे, केसाच्या मुळाशी राहतात म्हणे. सगळ्याच कुत्र्यांत थोडे असतात. आंगातला राखणदार त्यांना दाबून ठेवतो. भुरीचा राखणदार झोपलाय.
म्हटलं, बाई, नऊ वर्षं ही माझ्या घराची राखण करून राहिली. तिच्या आंगात अजून एक राखणदार, आन् तोच झोपला. डॉक्टरीण हसली. मला कशाचं हसू.
इलाज दोन. आठ दिवसाला औषधाच्या पाण्यानं आंघोळ, पुसायचं न्हाई, किडे मारायला. आन् दर मंगळवारी सुई, राखणदाराला उठवायला. "किडे मी मारीन काकू. पण परत येऊ न देणं तिच्या आंगालाच करावं लागंल." खाजेची सुई-गोळी कुणी दिली तरी द्यायची न्हाई, त्यानं राखणदार अजून झोपतो. दोनदा बजावलं.
ही वही तिनंच दिली. रोज लिहा म्हणे. चौथी शिकलेली बाई रोज काय लिहिणार. जमंल तसं लिहीन.

१९ मार्च
टँकर आला, चौथ्या दिवशी. भांडून चार घागरी. एक भुरीची. माझी आंघोळ राहिली, राहू दे. शेजारणी: "भुरीबाईचं न्हाणं झालं का?" म्हटलं झालं, तुमचं राहिलं असंल तर सांगा.

२४ मार्च
शिवप्पा आला, आमच्या भावकीतला, बसव जयंतीच्या मिरवणुकीचं सगळं तोच बघतो. "वहिनी, शरणार्थ. मिरवणूक तुमच्या दारावरून जाती. त्याच्या आत ह्या खरजुल्या कुत्रीचा निकाल लावा. न्हाई तर पंचायतीचा माणूस लाडू टाकील." लाडवात काय घालतात ते गावाला माहीत हाय. मागच्या साली तीन कुत्री गेली.
म्हटलं, ही खरूज माणसाला लागत न्हाई, डॉक्टरीण म्हणली. "डॉक्टरीण तुमच्या गल्लीत ऱ्हाती का?"
मालक मधी पडतील वाटलं. मालक उदगीर जिल्हा कधी होणार ते सांगत बसले त्याला. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येणार, मग भुरी बरी होणार. तोवर तिनं थांबावं बहुतेक.

३१ मार्च
खाज कमी. दुपारभर झोपली.

२ एप्रिल
खाज बंद. कातडी मऊ. भाकरीसाठी उड्या मारते. सुई लागू पडली.

५ एप्रिल
डॉक्टरणीला दाखवलं. कौतुक करंल वाटलं. कपाळाला आठ्या घालून म्हणते, "एवढ्या लवकर?" दुखणं बरं झालं तरी ह्यांना दुःख.
येताना शिवप्पाच्या दारात मुद्दाम थांबले. म्हटलं, बघा, हात लावून बघा. हात लावला न्हाई, पण म्हणला, "असंच राहिलं तर लाडवाचं रद्द." चार बायांनी ऐकलं.

१०
भुरी जेवली न्हाई. ऊन लई हाय.

१२ एप्रिल
लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणे. मालक सकाळपासून तेच सांगून राहिले, जसं काय इंजिन ह्यांनीच ओढलं.
इथं भुरीच्या पाठीवर फोड, पू, वास. छावणीत लोक लांब सरकले. डॉक्टरणीनं काच न बघताच विचारलं, "काकू, तिला कुणी काय दिलं?" महादेवाची आण घेतली, कुणी न्हाई. "घरी विचारा."
आण घेतल्यावर विचारा म्हणते. वाटभर डोकं तापलं.

१३ एप्रिल
विचारलं. आत्याबाईनं दिलं. माझी सासू, दिवसभर उंबऱ्यात बसून असते, भुरी तिच्या पायाशी. मुखेडच्या एका माणसाकडून गुडघ्याच्या गोळ्या आणते, बारक्या, पांढऱ्या, पुडीत बांधलेल्या. घेतली की दुसऱ्या दिवशी देवळापर्यंत चालते. तीच अर्धी अर्धी भाकरीत घालून रोज.
"लई खाजवत होती ग. मला त्या गोळीनं उठवलं, तिला न्हाई का उठवणार?"
मी लई बोलले. नको ते बोलले. ती भाकरीचं ताट घेऊन बसली, जेवली न्हाई.
आता वही उघडल्यावर... डॉक्टरणीनं मला दोनदा बजावलं होतं. मी मालकांना सांगितलं. आत्याबाईला सांगितलंच न्हाई. महिनाभर आम्ही भांड्याच्या आवाजानंच बोलतो. घरात बसलेली बाई कुत्रीला काय देणार, असं वाटलं. दिवसभर कुत्री तिच्याच जवळ, आन् तिलाच तेवढं सांगितलं न्हाई.

१९ एप्रिल
पुडीतली गोळी डॉक्टरणीला दाखवली. बघूनच मान हलवली. पुडीवर नाव न्हाई, पण गुण त्या खाजेच्या गोळीचाच दिसतो म्हणे. भुरीचा इलाज परत पहिल्यापासून सुरू. पू वाळायला वेगळी गोळी. आन् आत्याबाईच्या गोळ्या एकदम तोडू नका, माणसाच्या डॉक्टरला दाखवा.
आत्याबाईनं एवढंच ऐकलं की गोळी वाईट. "मी न्हाई घेणार आता."
म्हटलं, एकदम सोडायची न्हाई म्हणली ती, कान हायेत का?
उद्या मुखेडला न्यावं लागंल. मालक जिल्ह्याच्या मोर्चाला.

२० एप्रिल
एसटीत आत्याबाईला चढवताना कंडक्टर घाई करून राहिला. त्याला ऐकवलं. डॉक्टरनं गोळ्या हळूहळू कमी करायच्या लिहून दिल्या. येताना आत्याबाई म्हणली, "भुरीला पण तशाच कमी करायच्या का?" म्हटलं तिच्या बंद, तुमच्या कमी. मान हलवली. महिन्यात पहिल्यांदा नीट बोललो. कुत्रीच्या औषधावर.

२६
फोड वाळले. खाज हाय. खाजवते तेव्हा आत्याबाई तिचे पाय धरून बसते. स्वतःचा गुडघा सुजून घागर झालाय.

३ मे
काच. मागं किडे मोजता येईनात, आता मोजता आले. "पण जिवंत हायेत काकू. पुढच्या मंगळवारी परत बघू." पुढचा मंगळवार १० तारीख. मिरवणूक ९ ला. हे शिवप्पाला कोण सांगणार. मीच.
सांगितलं. एक दिवस द्या म्हटलं. "मिरवणूक काय तुमच्या काचेसाठी थांबवू? तवा लोकाला दाखवून फसवलंव, आता कोण विश्वास ठेवंल?" फसवलं तर न्हवतं. पण दाखवलं मीच होतं.

८ मे
कानामागं बोटभर जागेत लव आली. पिवळी, खरी. आत्याबाई दहादा चाचपते.
संध्याकाळी शिवप्पा भगव्या पताका बांधायला आला. भुरीकडं बघितलं, लाडवाचं नाव काढलं न्हाई. जाताना एवढंच, "सकाळी दारात सडा-रांगोळी करा. पालखी थांबती."
टँकर आज आला न्हाई, उद्या पण न्हाई. एक घागर उरली. भुरीची आंघोळ उद्याच हाय, एक चुकली तर डॉक्टरीण म्हणते परत मागं.
आत्याबाईला विचारलं, सडा का आंघोळ. लग्न होऊन आल्यापासून हिनं पालखीचा सडा चुकवलेला न्हाई. बसल्या बसल्या, सुजलेला पाय तसाच लांब ठेवून, घागर दोन्ही हातांनी भुरीकडं सरकवली.