हार्ड आणि हार्डली

३ फेब्रुवारी

आज मेथी निवडताना देवश्रीनं विचारलं, "आई, पुश आणि शव्हमध्ये फरक काय?" चार वर्षं कॅनडात राहिलेली सून मला इंग्रजी विचारते! एकतीस वर्षं कन्याशाळेत शिकवलंय मी. खुशीनं सांगितलं— पुश म्हणजे ढकलणं, शव्ह म्हणजे दांडगाईनं ढकलणं. क्रियापद म्हणजे काय केलं, क्रियाविशेषण म्हणजे कसं केलं— फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलत सुटले.

मग पोळ्या लाटताना डोक्यात किडा वळवळला. हिला हे आत्ताच का हवंय?

ह्यांच्या वर्षश्राद्धाला एकटीच आली. माझ्या विक्रांतला रजा नाही मिळाली. श्राद्ध होऊन पंधरा दिवस झाले. परत जायचं नाव काढत नाही.

४ फेब्रुवारी

आजचा शब्द— डेलिबरेटली. म्हटलं, आधी वाक्य सांग, मग अर्थ सांगते. "असंच, आई. कुठंतरी वाचला." कुठं? या हिंदी मुलखात घरात पेपरसुद्धा हिंदी येतो!

६ फेब्रुवारी

गच्चीवर कपडे काढायला गेले तर ही फोनवर. हळू आवाजात. "पराग जी, बस थोड़ा बाकी है. आई को कुछ नहीं पता." मी जिन्यातच थांबले. मला बघितल्यावर फोन ठेवला.

"कोण गं?"

"मैत्रीण."

पराग नावाची मैत्रीण!

दुपारी दोनदा हाक मारली, वळूनसुद्धा बघितलं नाही. डावीकडून हाक मारली की हिला ऐकूच येत नाही. की ऐकायचंच नसतं?

८ फेब्रुवारी

शेजारची सुलू सकाळी मुद्दाम आली. "काकी, तुमची बहू काल देवास गेटला दिसली. कुणा माणसाबरोबर. हातात कागद होते." मी म्हटलं, हो, मीच पाठवलं होतं झेरॉक्सला. खोटं बोलले. घरची गोष्ट पूर्ण माधव नगरात कशाला?

देवश्री मला सांगून गेली होती— गोपाल मंदिराला जाऊन येते.

९ फेब्रुवारी

विक्रांतचा व्हिडिओ कॉल. "आई, ती दिवसभर काय करते? कुणाशी बोलते? जरा तिचा फोन बघ ना." म्हणजे त्यालाही शक आहे! बिचारा. तिकडे एकटा, काम, बर्फ. बघते म्हटलं.

११ फेब्रुवारी

ती आंघोळीला गेली. फोन हाती लागला नाही, गादीखाली वही लागली.

डावीकडे क्रियापदं, उजवीकडे क्रियाविशेषणं. ग्रॅब— टाइटली. लॉक— क्वाएटली. लीव्ह— सडनली. वाटलं, सापडलं! पळून जायचा बेत आहे हिचा.

पान उलटलं. पुढे वाक्यं होती. प्रत्येक वाक्य इंग्रजी 'ही'नं, म्हणजे 'तो'नं सुरू. त्यानं दार बाहेरून शांतपणे लावून घेतलं. त्यानं माझा फोन सावकाश पाण्यात सोडला. त्यानं मुद्दाम डाव्या कानावर मारलं, तेव्हापासून त्या कानानं ऐकू येत नाही. तो नंतर गोड हसला.

वर लिहिलं होतं— स्टेटमेंट. खाली विक्रांतचं नाव. पूर्ण. मधे ह्यांचं नाव.

शेवटी मराठीत: १४ तारखेला पराग वकिलांना देणे. तिकडच्या कोर्टासाठी.

खोटं! सगळं खोटं! पहिलं हेच आलं मनात. मग एका वाक्यावर नजर अडकली. 'ही हिट मी हार्डली.' हजार वह्यांत ही चूक काढलीय मी. हिला लिहायचंय, जोरात मारलं. त्यासाठी नुसतं हार्ड. हार्डली म्हणजे जेमतेम. वाचणारा म्हणेल, मारलंच नाही जवळजवळ.

बाथरूमचं दार वाजलं. वही होती तशी ठेवली.

१२ फेब्रुवारी

  विक्रांतचा मेसेज— बघितलास का फोन? उत्तर दिलं नाही.

खोटं लिहिणारी शब्द इतके तोलून का विचारेल?

एक 'ली'. मी गप्प राहिले तर माझ्या मुलाला तेवढंच पुरेल कदाचित. आणि मी काही केलं असं कुणी म्हणणारही नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी ती पोहे भिजवत होती. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"देवश्री, हार्डली नको. हार्ड लिही."

तिचा हात चाळणीतच थांबला. "तुम्ही वाचलंत."

"हो."

"फाडणार आहात?"

"चुका काढून देते. आण वही."

ती हलली नाही. मी विचारलं, "लपवायचं होतं तर मलाच का विचारत होतीस गं रोज?"

"भावाला सांगितलं. तो म्हणाला, निभावून ने. मग वाटलं, शब्द विचारत राहिले तर एक दिवस तुम्ही विचाराल, हे कुणी केलं. तुम्ही अर्थच सांगत राहिलात, आई."

मी चष्मा आणला. तिनं वही आणली.

वकील म्हणालेत, सगळं तिच्याच शब्दांत हवं. म्हणून फक्त व्याकरण बघितलं, पेन्सिलीनं. अकरा चुका निघाल्या. कर्ता सगळीकडे बरोबर होता.

१४ फेब्रुवारी

तिच्याबरोबर मीही गेले. पराग वकील वयानं माझ्याएवढेच निघाले. त्यांना मी माझंही एक पान दिलं. गेल्या दिवाळीत विक्रांत आला होता तेव्हा माझा हात मोडला. न्हाणीघरात घसरले, असं सगळ्यांना सांगितलं. या रोजनिशीतही तेच लिहिलं.

घसरले नव्हते.