फार्गोतली मधली जागा

“गाडीबी तूच ठेव आन् तिलाबी तूच ठेव. दोन्ही माझ्याच्यानं वढणार न्हाईत.” आमचे बाबा गेल्यावर त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी, मंडळी जेवून उठल्यावर, माझा मोठा भाऊ रविकांत मला असे म्हणाला होता. ‘ती’ म्हणजे आमची धाकटी बहीण महामाया. वय एक्केचाळीस, समज चार-पाच वर्षांच्या मुलीची. गाडी म्हणजे बाबांनी सरकारी लिलावात घेतलेली जुनी फार्गो पिकअप. मी दोन्ही ठेवून घेतल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण आता मी थकले आहे, आणि दोघींची सोय लावल्याशिवाय मला डोळे मिटता येणार नाहीत.

म्हणून मी, ज्योत्स्ना नरसिंग सोनकांबळे, वय सत्तेचाळीस, धंदा रोपवाटिका, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र लिहिते. माझी मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डोके नाही; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट “इतक्यात कशाला?” असेच सगळे म्हणत आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. महामाया जिवंत आहे तोवर ते तिच्या राहण्यासाठी असावे, कोणी विकू नये. तिच्यानंतर ते रविकांतची मुलगी बुद्धप्रिया हिला मिळावे. बापाचा राग लेकीवर काढावा, एवढी ताकद आता माझ्यात उरलेली नाही. शिवाय ती अजून फोन करते.

२. बँकेतील शिल्लक महामायाच्या औषधपाण्यासाठी. रोपवाटिका माझी भागीदार वर्षाराणी सुदर्शन केंद्रे हिला. माझ्यामागे महामायाला तीच सांभाळणार, म्हणून तिला मी घरही देणार होते. तिनेच अडवले. “घर माझ्या नावानं करू नको ज्योत्स्ना. तुझा भाऊ म्हणंल, घरासाठी पोरगी सांभाळली.”

३. बाबांचे पाने, जॅक आणि लोखंडी पेटी आमची गाडी दुरुस्त करणाऱ्या उमाशंकर मिस्त्रीला. त्याला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळणार, त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी सांगितले. तो म्हणाला, “मंग सही ऱ्हाऊ द्या, पाने द्या.”

४. पिकअप वर्षाराणीला द्यावी. कारण सांगते, म्हणजे उद्या कोणी भलते कारण काढणार नाही.

नांदेडला डायलिसिसला जाताना लोह्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. पेट्रोलचे ते इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते. एका मोडलेल्या जीपचे डिझेल इंजिन, त्याच्याच गिअरबॉक्ससह, बसवायचे असे उमाशंकरने ठरवले. इंजिनाच्या बैठका कापून नव्या वेल्ड केल्या, मागची चाके फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट लातूरच्या लेथवर आखूड करून आणला, बदलाची नोंद आरटीओत झाली. अडचण एकच आली. फार्गोचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता, म्हणून पुढे तिघे बसत. नव्या गिअरबॉक्सचा दांडा खालून, नेमका मधल्या जागेतून वर येणार होता. आणि मधली जागा महामायाची. दोन्हीकडून आपल्या माणसाचा खांदा लागला तरच ती चालत्या गाडीत बसते. दाराशी बसवली तर किंचाळते.

“ताई, तिला मागं हौद्यात बसवा की. गादी टाकून देतो,” उमाशंकर म्हणाला.

“तूच बस गादीवर,” वर्षाराणी म्हणाली.

“मंग गिअर काय छतातून काढू?”

“कुठूनबी काढ. मधी नको.”

त्याने शिव्या घालत सळया वाकवल्या, जोडल्या आणि नवा गिअरबॉक्स जुन्याच स्टिअरिंगवरच्या दांड्याला बांधला. पहिल्या दिवशी गाडी मागे घ्यायला गेलो, ती पुढे जाऊन गुलाबाच्या कुंड्यांवर चढली. त्याने पुन्हा सगळे सोडले, पुन्हा जोडले. जागा वाचली.

आवाजाचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. डिझेलची धडधड ऐकताच महामायाने कान झाकले, आणि कडुलिंबाखाली काढून ठेवलेल्या जुन्या इंजिनापाशी जाऊन उभी राहिली. ते सुरू होईल म्हणून. मी समजावून दमले आणि आत जाऊन पडले. वर्षाराणी दमली नाही. रोपांना पाणी घालून झाले की ती उभ्या गाडीत इंजिन सुरू करून शेंगा सोलत बसायची, पलीकडचे दार उघडे टाकून. हाक मारायची नाही. तो सबंध पावसाळा मी नांदेडला एसटीने गेले. मग एका सकाळी महामाया आपणहून आली, मध्ये बसली आणि म्हणाली, “ह्याला सर्दी झाली.”

“हाव, औषध पाजलंय. बरं होईल,” वर्षाराणी म्हणाली, आणि शेंगांची मूठ तिच्या ओंजळीत ओतली. त्या आठवड्यात आम्ही तिघी मिळून नांदेडला गेलो.

५. जुने इंजिन आणि जुना गिअरबॉक्स भंगारात देऊ नये. महामाया ते रोज पुसते.

६. माझ्यामागे महामायाचे पालकत्व वर्षाराणीला मिळावे, ही माझी इच्छा. निर्णय पालकत्व ठरवणारी जिल्ह्याची समिती करेल आणि सख्ख्या भावाला आधी विचारेल, हे मला माहीत आहे. रविकांत हरकत घेणार, हेही माहीत आहे. फोनवर तो म्हणाला, “परक्याच्या दारात ठिवली तर लोक माझ्या तोंडावर थुकतील. लातूरला संस्था हाय, तिथं घालू.”

“तुझ्या घरी नेतोस का, दादा?”

“माझं घर पाहिलंस का तू?”

पाहिले आहे. दोन खोल्या, वहिनीचे गुडघे, रेल्वेतली पाळीची नोकरी. तो खोटे बोलत नाही. संस्था वाईट असते असेही मी म्हणत नाही. पण तिथे कोणाला वेळ आहे, इंजिन सुरू करून शेंगा सोलत बसायला? म्हणून माझे म्हणणे लेखी ठेवते.

हे सर्व मी स्वतः वाचून, समजून, खाली नावे दिलेल्या दोघांसमोर सही केली; त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: ज्योत्स्ना नरसिंग सोनकांबळे
साक्षीदार: १. प्रीतम ससाणे, शिक्षक  २. केवळाबाई शेळके, शेजारीण
ठिकाण: अहमदपूर. दिनांक: ३ डिसेंबर २०२५

सहीखाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते, असे वकील म्हणाले. पुढचे कायद्याने करून घेण्यासारखे नाहीच, म्हणून ते इथे लिहिते.

रविदादा, हरकतीच्या कागदावर सही करण्याआधी एकदा इकडे ये. गाडी तू चालव. गिअर अजून स्टिअरिंगलाच आहे, बाबांनी तुला शिकवला तसा. वर्षाराणी दाराशी बसेल, महामाया मध्ये. तिचा खांदा तुझ्या खांद्याला लागेल, तो झटकू नको. तू नाहीच म्हणशील. रजा नाही म्हणशील, डिझेलचा वास सोसत नाही म्हणशील. तरी मागते. नांदेडपर्यंत एवढी एक फेरी कर, आणि उतरल्यावर घ्यायची ती हरकत घे.