साठ बिल्ले

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते ती फक्त 'ते झोपलेत' एवढं सांगायला. भर दुपारी बारा वाजता तू झोपला असशील हे मला पटत नाही, पण तिचं खोटं बोलणं मी समजू शकते. तिच्या कपाळावर तीन टाके आहेत आणि खिडकीतून आलेला तो दगड तुझ्यासाठी होता. तो मारणाऱ्यांनी मोबाइलवर फिरणारे ते अठरा सेकंद पाहिले आहेत: गुडघ्याखाली हरिणीची मान दाबून तू सुरी चालवतो आहेस आणि चार हातांवर तिचं पाडस उभं आहे. त्याआधी गोळीने तिचा जबडा फुटला होता आणि लोंबता जबडा घेऊन ती पाच मिनिटं धावत होती, हे त्यात नाही. तू तिच्यामागे धापा टाकत गेलास, तिचं लवकर संपावं म्हणून, हेही नाही.

चौकशी समितीची पुढची बैठक सोमवारी आहे. तुझी फक्त नोकरी घ्यायची की खटलाही भरायचा, एवढंच त्यांचं ठरायचं राहिलंय. म्हणून पहिल्यापासून लिहिते. बरंचसं तुला माहीत आहे, तरी वाच.

धरणाचं पाणी चढलं आणि टेकडीचं बेट झालं, तेव्हा त्यावर काही हरणं अडकली. मागे लागणारं जनावर एकही नव्हतं, चारा मुबलक होता, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी संख्या दुप्पट होत गेली. मग गवत संपलं, झाडांच्या साली संपल्या. मी तिथे पहिल्यांदा गेले त्या हिवाळ्यात दोन नरांनी एकमेकांची पोटं फाडलेली पाहिली. माद्या स्वतःच्याच पाडसांना लाथा घालून पाल्यावरून हुसकत होत्या, आणि खडकाच्या आडोशाला नऊ पाडसं एकावर एक मरून पडली होती. शिकारी नसला की त्याचं काम भूक करते, फक्त फार सावकाश करते. बेट दोनशे हरणांना पोसू शकतं असा माझा हिशेब होता. तो आजही बरोबर आहे. दोनशेच्या वरची मारायची असं वनखात्यात ठरलं. मारणार तू, किती ते सांगणार मी. भाऊबहीण एकाच कामावर म्हणून कार्यालयात सगळ्यांना गंमत वाटली होती.

मला मात्र परसातले ससे आठवले. बाबांनी जोडी आणली होती, वर्षभरात चौतीस झाले. त्या खुराड्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मादीने स्वतःच्या पिल्लांची डोकी कुरतडून ठेवली होती. बाबा म्हणाले, संध्याकाळपर्यंत निम्मे उरले पाहिजेत. तू बारा वर्षांचा होतास. मागचे पाय धरून एकेकाला भिंतीवर आपटत होतास, भिंतीवरून ओघळ येत होते, आणि मी दारात उभी राहून मोठ्याने मोजत होते, कारण तूच सांगितलं होतंस, 'नीट मोज गं, एकही जास्त नको.' सतराला मी थांब म्हणाले आणि तू थांबलास. मग नळाखाली हात धरून तू कितीतरी वेळ उभा होतास. त्या दिवसापासून तू मला मोजपट्टी म्हणायला लागलास.

बेटावर मी मोजलं ते असं. चारा ठेवलेल्या कुंपणात साठ हरणं पकडली, कानात भोक पाडून प्रत्येकाला पिवळा बिल्ला लावला, सोडून दिली. महिन्याने त्याच कुंपणात पुन्हा साठ पकडली. त्यांत बिल्लेवाली सहाच निघाली. साठातली सहा, म्हणजे दहात एक. माझे साठ बिल्ले एकूणाचा दहावा भाग, म्हणजे बेटावर एकूण सहाशे. वरची चारशे मारा, असा कागद माझ्या सहीने निघाला. ज्याचा कान एकदा तिथे टोचला ते हरीण पुन्हा त्या कुंपणाकडे फिरकणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. बिल्लेवाली कमी आली ती बेटावर हरणं फार होती म्हणून नव्हे. ती मला घाबरली होती म्हणून. खरी हरणं अडीचशेच्या आसपास होती. मारायला हवी होती पन्नास-पंचावन्न.

इथवर ती चूक होती. पुढचं चूक नाही.

मेलेल्यांच्या कानातले बिल्ले तू रोज संध्याकाळी पिशवीत घालून पाठवत होतास. चौथ्या संध्याकाळी तुझी एकशे बत्तीस झाली होती. बेटावर सहाशे असती तर माझ्याकडे तेरा बिल्ले यायला हवे होते. मी टेबलावर ओतले तर एकतीस निघाले. काहींना कानाचे तुकडे चिकटलेले होते. मी दोनदा मोजले, मग पिशवीत भरून कपाटात ठेवले. म्हणजे बेटावर मुळात अडीचशेच होती आणि मारायची ती केव्हाच मारून झाली होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण थांबवायचं तर कारण लिहावं लागणार आणि कारणाखाली माझं नाव येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू वायरलेसवर म्हणालास, 'मोजपट्टी, इथे पाडसंच उरलीत गं. तुझी बाकीची हरणं कागदावर चरतायत की काय?' तुझ्यामागे कुठलंतरी पाडस ओरडत होतं. मी म्हणाले, 'झुडपात दडली असतील. तू आपला चालू ठेव.' तू दोनदा विचारलंस, 'नक्की ना?' मी दोन्ही वेळा नक्की म्हणाले. सहाव्या दिवशी गोळी घालायला काही दिसेना तेव्हा तू आपणहून बंदूक खाली ठेवलीस. दोनशे एकतीस झाली होती. चोवीस उरलीत, त्यांतली एकोणीस पाडसं, आणि मोठा नर एकही नाही. एकशे बत्तिसाच्या पुढची नव्व्याण्णव तू मारलेली नाहीस, दादा. ती मी मारली.

समितीचा तुझ्यावर आरोप एकच आहे: प्राणी कमी दिसले तर नेमबाजाने थांबून कळवायचं असा नियम असताना तू कळवलं नाहीस. वायरलेसची नोंद कोणी ठेवत नाही. पलीकडे ऐकायला फक्त मी होते. पहिल्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, त्याने काही कळवलं होतं का? तू समोरच्या बाकावर बसला होतास. मी म्हणाले, 'मला आठवत नाही.' तू मला खोडून काढलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस, आणि त्यानंतर तू माझा फोन घेणं बंद केलंस.

मला सगळं शब्दन्‌शब्द आठवत होतं. हे पत्र त्यासाठी आहे. आज सकाळी इथवरच्या मजकुराची नक्कल, बिल्ल्यांची पिशवी आणि चौथ्या दिवसाचा आकडा मी समितीच्या कार्यालयात दिला आणि पोचपावती घेतली. मूळ पत्र तुला पाठवते आहे, कारण नकला गहाळ होतात. क्षमा मागत नाही. तुझ्यावर ती द्यायचं ओझं नको. रागाच्या भरात हे फाडू नकोस, एवढंच. सोमवारी तुला विचारतील, हे अक्षर आणि ही सही तुझ्या बहिणीचीच का? हो म्हण. माझ्यासाठी काही झाकू नकोस.

तुझीच,
धाकटी