मान खाली असताना

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. तुझी नात पोटभर जेवते, झोपते. तुझे गुडघे काय म्हणतात?

तीन वर्षांची झाली, तरी ती अजून मला आई म्हणत नाही. मी रोज दहा मिनिटं तिच्याजवळ जमिनीवर बसते आणि दर अर्ध्या मिनिटाला ती काय करते, माझ्याकडे बघते का, ते वहीत लिहिते. प्रयोगशाळेत दिवसभर मोजमापंच करते. वाटलं, एवढं तरी जमेल. एकवीस दिवस शून्य. बाविसाव्या दिवशी ओरडले, "बघ ना गं माझ्याकडे!" ती कान झाकून टेबलाखाली गेली. तासभर बाहेर आली नाही.

काल तिच्या थेरपिस्टबाईंनी आम्हा दोघींचा व्हिडिओ दाखवला. दहा मिनिटांत तिने चार वेळा माझ्याकडे पाहिलं. चारही वेळा माझी मान खाली, वहीत. बाई म्हणाल्या, "ती बघते हो. तुम्हीच सापडत नाही तिला."

आज वही न घेता बसले, तर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. तिनं पाहिलं की मी घाबरून नजर वळवते. आई, मला हे येत नाही.

दर पत्रात लिहिते, तू दगदग करून येऊ नकोस. या वेळी तसं लिहीत नाही.

तुझी,
थोरली