सगळं माहितीघरात टाका

६ जानेवारी, सोमवार
आज निर्णय झाला. माझा.
शनिवारी आमचे दोन मेकॅनिक रसायनीच्या एकाच कंपनीत जनरेटर दुरुस्तीला पोचले आणि मोहोपाड्याचं गिऱ्हाईक दिवसभर वाट बघत बसलं. कारण, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कोण कुठे जाणार ते मी सकाळीच टाकलं होतं. त्यावर गुलाबाची फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी मेहुण्याच्या हळदीचे फोटो येऊन पडले. माहिती गाडली गेली.
उपाय: विकी. टीमची सगळी माहिती एका जागी. कुणीही लिहावं, सगळ्यांनी वाचावं. नाव ठेवलं 'माहितीघर'.
अबूबकरमामूंना सांगितलं. फर्म त्यांची. मला सर्व्हिस कोऑर्डिनेटर केलं ते भाचा म्हणून नव्हे, गुण बघून. तसं ते कधी बोललेले नाहीत, पण कळतं. मामू म्हणाले, "कर काय करायचं ते. कामं थांबली नाय पायजेत."
याला पाठिंबा म्हणतात.

८ जानेवारी, बुधवार
माहितीघर उभं राहिलं. पहिलं पान: माहितीघर कसं वापरावं. दुसरं पान: पहिलं पान नीट कसं वाचावं.
उद्या ट्रेनिंग. समोसे सांगितलेत.

९ जानेवारी, गुरुवार
ट्रेनिंग यशस्वी. समोसे संपले.
लॉगिन मात्र कुणाचंच झालं नाही. धोंडी मेकॅनिकच्या फोनमध्ये जागा नाही. नातवाचे व्हिडिओ उडव म्हटलं, तर असा काही बघत राहिला की मीच माघार घेतली. रोहिदास, आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक, म्हणाला, "एवढं आत शिरून लिव्हन्यापरीस मी तुला फोन करीन ना रं."
इथेच तर घोडं पेंड खातं! तिथल्या तिथे नियम केला. कामासाठी मला फोन करायचा नाही. केलात तर उचलणार नाही. सगळं माहितीघरात टाका.
कडक वागल्याशिवाय माणसं सुधारत नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार
पहिल्या पानाला बेचाळीस व्ह्यूज! रुबिनाला दाखवले. ही आमची अकाउंट्सवाली, ऑफिसात माझ्या समोरच बसते. म्हणाली, "तल्हाभाई, तुम्ही पान उघडलं की दर वेळी एक वाढतो."
मी मानत नाही. दोन-तीन तरी दुसऱ्यांचे असणार.

१६ जानेवारी, गुरुवार
संताप. रुबिनाने माहितीघराचं पान छापून वॉटर कूलरवर चिकटवलं. सगळे पाणी पिता पिता वाचत उभे. मी कागद फाडला. ती म्हणाली, "अहो, वाचतायत तरी." तिला तत्त्व समजावलं: आज कूलर, उद्या भिंत, परवा पुन्हा गुलाबाची फुलं. ती कागदाचे तुकडे उचलून जागेवर जाऊन बसली. पटलं असावं.

१७ जानेवारी, शुक्रवार
सिद्राला म्हटलं, घराचंही एक माहितीघर करू. किराणा, गॅस, मुलांची फी, सगळं एका जागी. ती म्हणाली, गॅसचा रेग्युलेटर बदलायचाय हे तुम्हाला तीनदा सांगितलंय.
बायकोलाही तोंडी कारभाराचीच सवय.

२० जानेवारी, सोमवार
माहितीघराचा रंग बदलला. निळ्याचा हिरवा केला. मग पुन्हा निळा.
रुबिना एकेकाला जेवणाच्या सुट्टीत शिकवतेय म्हणे. परिणाम: धोंडी दिवसभर 'टेस्ट टेस्ट' लिहितो आणि माझा फोन टुणटुणतो. नोटिफिकेशन्स बंद केल्या. निर्मितीच्या कामाला एकाग्रता लागते.
कारण शुक्रवार मोठा आहे. खालापूरच्या हॉस्पिटलच्या जनरेटरची चाचणी. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट तिच्यावर आहे. तिथलं मेंटेनन्स वनिता मॅडम बघतात. त्यांना माहितीघराचं प्रेझेंटेशन देणार. थक्क होतील.

२२ जानेवारी, बुधवार
रोहिदासचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला नाही. तिसऱ्यांदा हात पुढे गेला होता, मागे घेतला.
मामू महाडला लग्नाला गेलेत. ऑफिस पूर्णपणे माझ्या खांद्यावर.

२४ जानेवारी, शुक्रवार, सकाळी
नवा शर्ट. लॅपटॉप चार्ज. निघालो.

२४ जानेवारी, दुपारी
वनिता मॅडमनी बसायलाही सांगितलं नाही. चाचणी कालच झाली. रोहिदास वेळेवर हजर होता, पण बॅटरी मेलेली. मशीन चालूच झालं नाही.
मॅडम म्हणाल्या, "काल लाइट होती म्हणून निभावलं. ऑपरेशन चालू असताना गेली असती, तर मी कुणाला फोन लावायचा होता? तुम्हाला?"
लॅपटॉप बॅगेतच राहिला.

२४ जानेवारी, संध्याकाळी
मामू महाडहून थेट ऑफिसात. सगळ्यांसमोर मी स्पष्ट विचारलं, एवढी मोठी गोष्ट मला कुणी कळवली का नाही? बॅटरी मागवायचं काम माझं आहे!
रोहिदास म्हणाला, "कळवली ना. तुज्या त्या घरात टाकली."
रुबिनाने स्क्रीन फिरवली. मंगळवारची नोंद. 'हास्पिटलची टेस्ट शुक्रवारी नाय, गुरवारी. बॅटरी मेली हाय. नवी मागव. रोहिदास.' खाली धोंडी: 'वाचला.' त्याखाली रुबिना: 'वाचलं. तल्हाभाई, बॅटरी?'
त्याखाली काही नव्हतं.
मामूंनी विचारलं, "फोन नाय केलास?"
"केला की. तो उचलीत नाय. नियम हाय त्याचा."
मामूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते केबिनमध्ये गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, शनिवार
शांतपणे विचार केला. अख्खी टीम माहितीघर वापरतेय! म्हणजे प्रयोग यशस्वीच. वाचणारा एक कमी पडला, एवढंच. टक्केवारी काढली तर निकाल उत्तम येतो.
हे सांगायला मामूंच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बोल," म्हणाले.
घरची ख्यालीखुशाली विचारून बाहेर आलो.

२७ जानेवारी, सोमवार
मामू आणि रुबिना हॉस्पिटलला जाऊन आले. मॅडमची माफी मागितली. कॉन्ट्रॅक्ट राहिलं, पण तीन महिन्यांपुरतं. आणि एका अटीवर: हॉस्पिटलशी बोलणं रुबिनाने करायचं.
गाडीत जागा होती. मला चल म्हणाले नाहीत.
एका अर्थी बरंच. मला आता धोरणात्मक कामाला वेळ मिळेल.

३ फेब्रुवारी, सोमवार
आठवडाभर रागाने माहितीघर उघडलंच नव्हतं. आज उघडलं. माझी दोन्ही पानं गायब. एकच पान शिल्लक: 'आज कोण कुठे'. रंग पांढरा.
हे असं चालणार नाही, असं ठणकावून तिथेच लिहायला गेलो. लिहायचं बटणच सापडेना. वर एक ओळ होती: तुम्हाला हे पान फक्त वाचता येईल.
रुबिनाला विचारलं. तिने मान वर केली नाही. "मामूंनी सांगितलंय. तुम्ही एवढं वाचत जा, तल्हाभाई."
वाचलं. शेवटच्या ओळीत माझं नाव होतं.
'तल्हा: चौक गाव. धोंडीचा चष्मा ऑफिसात राहिलाय, त्याला नेऊन देणे. दहाच्या आत.'
घड्याळात बघितलं. अकरा वाजून गेले होते.