माझं स्टॅटिन संशोधन

३ मार्च
कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली, रोज जेवणानंतर. लोणी बंद. त्यांना सांगितलं की मीही वैद्यकीय क्षेत्रातलाच, मला समजावत बसू नका. बायको मध्येच म्हणाली, चष्म्याच्या दुकानात असतात. दुकानात पांढरा कोट घालतो, हे सांगितलंच नाही तिने.

७ मार्च, दुपार
गिऱ्हाईक नाही. मोबाइलवर लेख वाचला. स्टॅटिन (माझीच गोळी!) कॅन्सरच्या उपचारात उपयोगी पडेल का, याचा अभ्यास चालू आहे. पेशींना वाढायला कोलेस्टेरॉल लागतं म्हणे. शेवटी लिहिलंय, अजून सिद्ध झालेलं नाही, मोठ्या चाचण्या हव्यात. असं लिहावंच लागतं त्यांना.

वहिनीची केमो गेल्या महिन्यात सुरू झाली. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून वहिनीनेच वाढवलं मला. तिला काही झालं तर, हा विचार मी करत नाही. करायचाच नाही.

८ मार्च
निर्णय! माझ्या गोळ्या वहिनीला. आजपासून मी घेणार नाही, साठवणार. त्याग म्हणतात तो हाच. कुणाला कळू द्यायचं नाही.

रात्री ११
लोण्याची बंदी गोळीसोबत आली होती. गोळी बंद, म्हणजे बंदीही उठली. टोस्ट खाल्ले. लोणी दोन्ही बाजूंनी.

२० मार्च
चष्म्याच्या केसमध्ये गोळ्या भरून वहिनीकडे गेलो. तिला सगळं शास्त्र समजावलं. ती म्हणाली, भावोजी, माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय मी साधी खोकल्याची गोळी घेत नाही. मग विचारलं, तुम्ही घेताय ना तुमची? मी विषय प्रोग्रेसिव्ह लेन्सवर नेला.

ठरलं. डॉक्टरीणबाईंशी मीच बोलणार. तज्ज्ञाने तज्ज्ञाशी बोललेलं बरं.

५ एप्रिल
कोट इस्त्रीला दिला. भाषणाची तालीम आरशासमोर. बायकोने विचारलं, कुणाशी भांडताय?

११ एप्रिल
दादा-वहिनीबरोबर हॉस्पिटलात. कोट घालून. बाकावरच्या एका आजोबांनी मला डॉक्टर समजून फाइल दाखवली. वाचली. तुमचा चष्म्याचा नंबर बदललाय, एवढं सांगितलं. समाधान झालं त्यांचं.

आत गेल्यावर गोळ्यांची केस टेबलावर ठेवली आणि भरपूर बोललो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, चाचण्या चालू आहेत, काही ठिकाणी आशा वाटते, पण आशा म्हणजे पुरावा नव्हे. आपल्या मनाने काही द्यायचं नाही, गोळ्या एकमेकींशी भांडतात. मग फाइल माझ्याकडे वळवली. वहिनी स्टॅटिन घेतेच आहे. कोलेस्टेरॉलसाठी. कित्येक वर्षं. हीच गोळी!

दादा पंख्याकडे बघत बसला. वहिनी म्हणाली, भावोजी इतक्या उत्साहाने सांगत होते, त्यांचं मन मोडवेना हो.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या साठवलेल्या गोळ्या कुणाच्या? मी म्हणालो, एका रुग्णाच्या. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी अभ्यास झाला म्हणून थाप मारायचो, तेव्हा पाहायची तस्सं.

१२ एप्रिल
रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल आधीपेक्षा जास्त. लॅबची चूक असावी. डॉक्टर ओरडले. गोळी आता दुप्पट ताकदीची. बायको दोन दिवस बोलणार नाही म्हणाली, आणि त्यावरच तासभर बोलली.

१४ एप्रिल
वहिनीचा हुकूम. रोज संध्याकाळी जेवून तिच्याकडे हजर व्हायचं, तिच्यासमोर गोळी गिळायची. दादा हसला. या वयात माझ्यावर कोण पहारा बसवतंय! जाणार नाही.

१५ एप्रिल
गेलो. गोळी गिळली. वहिनीने तोंड उघडायला लावलं, जीभ वर, टॉर्च मारून तपासलं. तिच्या डोक्यावर केस नाहीत, पण धाक तेवढाच आहे.

२५ एप्रिल
काल तिची केमो झाली. आज उठून बसण्याची ताकद नव्हती. दादा दारातच म्हणाला, आज राहू दे. आतून वहिनीचा आवाज आला, राहू कसं दे, पाठवा त्यांना आत.

पलंगाजवळ गुडघ्यावर बसलो. गोळी गिळली. तिला टॉर्च पेलवेना, तो दादाने धरला. तिने नीट पाहिलं. शहाणा माझा, म्हणाली.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. पण तोंड उघडं होतं, आणि जीभ वर.